धवलारणीचं पाणी

भाविकाचा साखरपुडा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. मार्गशीर्षात साखरपुडा आणि अक्षय्य तृतीयेला लग्न, असं दोन्हीकडच्या माणसांनी बसून ठरवलं. भाविका म्हणजे पंढरी केणेच्या धाकट्या भावाची, काळूरामची मुलगी. पण ती लहानाची मोठी झाली पंढरीच्या घरात, त्याच्या बायकोच्या, चंद्राच्या मांडीवर. चंद्राला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. पुढे काही झालंच नाही. मग जावेची ही पोर तिने अशी उचलली, की पोर जावेला आई म्हणायची आणि चंद्राला मोठी आय, पण ताप आला की रडायची ती मोठ्या आयच्या नावाने.

साखरपुड्याला चंद्रा नवी हिरवी साडी नेसली. दोन वर्षांत तिचे हातपाय वाळत गेले होते, तोंड पांढरं पडलं होतं आणि पोट मात्र पुढे आलं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या कोन गावाहून आलेली एक लांबची नणंद तर सरळ म्हणाली, "वयनी, लग्नात ओटी पोरीची भरायची का तुझी?"

चंद्राने पोटावर थाप मारली. "भाडेकरू हाय गो. आमच्या शेतावर गोदामवाले बसले, तसा ह्यो माझ्यात बसलाय. करार संपल्याबिगर उठायचा न्हाय."

सगळ्या बायका पोट धरून हसल्या. पंढरी तिथेच खुर्च्या लावत होता. त्याला हसू आलं नाही. महिन्यातले अर्धे दिवस तिचं अंगावरून जात होतं, सकाळी उठली की भिंतीला हात लावून उभी राहत होती, हे त्या घरात त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात चल म्हटलं की ती म्हणायची, पाळी जायच्या आधी बाईचं असंच होतं.

चंद्रा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतो, पण मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद लागेपर्यंत एकेका विधीचे धवले गाऊन लग्न पुढे नेते ती धवलारीण. ही गाणी चंद्राला तिच्या सासूने, कमळाने, शिकवली. भात लावताना, सुकट निवडताना, जातायेता ती गायची आणि सून मागून म्हणायची. त्याबरोबर म्हातारीने दोन नेमही घालून दिले. एक, लग्नघरचं पाणी गळ्याला लावायचं नाही. आपल्या घरचं पाणी उन्हात तापवायचं आणि तेच बरोबर न्यायचं, म्हणजे गळा बसत नाही. दुसरा, पाळी असताना मांडवात पाऊल टाकायचं नाही.

कमळाच्या दिवसांत अडचण आली तर शेजारच्या गावची धवलारीण यायची. चंद्राच्या वेळेला शेजारच्या गावात कोणी उरलीच नव्हती. म्हाताऱ्या गेल्या, पोरी कामाला लागल्या, मांडवात डीजे आला. त्यांचं दापोडे, कोन आणि आजूबाजूची गावं मिळून एकटी चंद्रा. तेव्हा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तुळशीरामच्या मेडिकलमध्ये मिळतात, असं कमळालाच कोणीतरी सांगितलं. मुहूर्त हलत नाही, म्हणून अंग हलवायचं, इतकं ते सोपं वाटलं. कमळा वारली, पण गोळ्या राहिल्या. दर लग्नसराईत चंद्रा त्या घ्यायची. तुळशीराम चिठ्ठी मागत नसे. चंद्रा दुकानाच्या पायरीशी आली की त्याचा हात आपसूक त्या खणाकडे जायचा.

पाण्याचं असं झालं. पूर्वी ते तांब्याच्या हंड्यात तापायचं. मग शेतात भाताच्या जागी गोदामं उभी राहिली. पंढरीच्या शेतावर जे गोदाम आलं, त्यात प्लास्टिक मऊ करायचं तेल साठवत. चपला, पाइप, रेक्झिन, सगळ्याला ते लागतं म्हणे. रिकामी निळी पिंपं गोदामाचा सुपरवायझर जागामालकाला मान म्हणून देई. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात तो मान मोठाच होता. पंढरीने ती पिंपं राखेने घासली, चार वेळा धुतली, उन्हात उलटी घातली आणि त्यातलं एक गच्चीवर चढवलं. हंड्यापेक्षा त्यात पाणी कितीतरी जास्त मावायचं आणि दुपारपर्यंत हात पोळेल असं तापायचं. त्या पाण्याला किंचित गोडसर वास होता. चंद्रा म्हणायची, याने गळा मोकळा होतो. बारा-तेरा उन्हाळे ती ते पाणी प्यायली. लग्नात तेच, घरातही तेच.

साखरपुड्यानंतर आठवड्याने ती मोरीत पडली. तेव्हा पंढरीने विचारलं नाही, रिक्षात घातली आणि टेमघरच्या दवाखान्यात नेली.

टेमघरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव विद्युल्लता. तिथल्याच जुन्या घरातल्या, वडील शाळामास्तर होते. बोलणं सावकाश, समोरच्याला कळेपर्यंत. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि दोघांना बसवून सांगितलं. गर्भाशयात गाठ आहे, फायब्रॉइड म्हणतात. कॅन्सरची नाही. पण पिशवी सहा महिन्यांच्या गरोदरपणाएवढी झाली आहे आणि अंगातलं रक्त निम्म्याच्याही खाली आलं आहे. ही गाठ बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसते. पाळी कायमची जाईपर्यंत तिला खायला मिळत राहतं.

पंढरीने विचारलं, "मग सगळ्याच बायांना का न्हाय होत?"

बाई म्हणाल्या, पुष्कळ जणींना होते, त्रास थोड्यांना होतो. घराण्याचं असतं, वयाचं असतं. मग त्यांनी खाणं विचारलं, काम विचारलं, पाणी विचारलं. पाण्यावर पंढरीने पिंपाचं सांगितलं. त्यात आधी काय असायचं तेही सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्या तेलातली रसायनं शरीरात गेली की हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात," त्या म्हणाल्या. "ज्या बायकांच्या लघवीत ती जास्त सापडली, त्यांच्यात अशा गाठीही जास्त दिसल्या. गाठीतल्या ज्या पेशी मरायला हव्यात त्या मरत नाहीत, असंही दिसलंय. ते पाणी आजपासून बंद. पण ही गाठ त्या पिंपानेच वाढवली, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

पंढरीच्या कानात त्यातलं पिंप तेवढं राहिलं. बाईंनी गोळ्या-औषधांचंही विचारलं होतं. चंद्रा नाही म्हणाली. ती खोटं बोलली नाही. त्या गोळ्या तिच्या लेखी औषध नव्हत्याच, त्या धवलारणीच्या कामातल्या होत्या, हळदीकुंकवासारख्या.

घरी आल्याबरोबर पंढरी गच्चीवर गेला. पाणी ओतून दिलं, पिंप जिन्यावरून गडगडत खाली आणलं आणि रस्त्याकडेला टाकलं. संध्याकाळच्या आत शेजारच्या रघूच्या बायकोने ते उचलून आपल्या दारात पाण्याला लावलं. पंढरी तिला समजावायला गेला. डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मग पानी कशात भरू? पदरात?"

पंढरी परत फिरला. येताना त्याने आळीत नजर टाकली. ज्या दारात बघावं त्या दारात निळं पिंप उभं होतं. त्यातल्या चार घरांतल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. त्या बायका दारात बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांना काय सांगणार?

पिंप गेलं म्हणजे गाठ ओसरणार, असं मात्र पंढरीने मनाशी धरलं. माळ्यावरचा जुना हंडा काढला, चिंचेने घासला, गच्चीवर ठेवला. शेतकरी माणूस तो. पूर्वी सकाळी उठून खाचरातलं पाणी किती उतरलं ते बघायचा, तसा आता तो बायकोच्या पोटाकडे बघू लागला. कधी त्याला पोट कमी वाटायचं. काळूरामला तो म्हणालाही, की वहिनीचं पोट बसायला लागलंय. काळूराम म्हणाला, "तुझे डोले तपासून घे आधी."

महिन्याने परत सोनोग्राफी झाली. गाठ वाढली होती.

बाई म्हणाल्या, पाणी बदललंत ते चांगलंच केलंत, पण जे वाढलं ते तेवढ्याने मागे जात नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं, कसल्याच गोळ्या घेत नाही ना, अगदी साध्यासुध्या सुद्धा? तेव्हा चंद्रा सहज म्हणाली, "लग्नसराईतल्या घेते त्या. पाली थांबवायच्या. त्या तर सगल्याच घेतात."

किती वर्षं, असं बाईंनी विचारलं. सासू असल्यापासून, असं चंद्राने सांगितलं.

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या गोळीत हार्मोनच असतो. ही गाठ ज्याच्यावर पोसते, त्याच्याच जातीचा. तुम्ही तिला वरून खुराक दिला असणार. आता एक गोळी घ्यायची नाही. एवढ्या मोठ्या गाठीने पायाकडच्या शिरा दाबल्या जातात. त्यात या गोळ्यांनी रक्ताची गुठळी झाली, तर ती छातीत जाऊन बसते."

त्यांनी पुढचं सगळं मांडून दिलं. आधी सलाइनमधून लोह, लागलं तर रक्त. अंगात रक्त भरलं की फाल्गुनात ऑपरेशन करून पिशवी काढायची. त्यानंतर तीन महिने पोटावर जोर द्यायचा नाही. वजन नको, बेंबीच्या देठापासून ओरडणं नको.

"गानं?" चंद्राने विचारलं.

"तेही नको," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर चंद्रा दवाखान्याच्या पायरीवरच बसली. फाल्गुनात ऑपरेशन म्हणजे अक्षय्य तृतीयेला गाता येणार नाही, हा हिशोब तिने तिथेच केला. पंढरी म्हणाला, त्या दिवशी गाऊ नको, मांडवात बस, पोरीला डोळे भरून बघ.

"आनि धवले कोन गायल?"

"डीजे गायल," पंढरी म्हणाला.

"तुमच्या तोंडाला काय हाड हाय का न्हाय?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून बोलली, "आवो, गावातल्या सगल्यांच्या पोरी मी उजवल्या. माझी म्हनून एकच पोर हाय. तिला मी मुकी लावून देऊ? मग घाला ना सुरी. अक्षय्य तृतीया होऊं दे, दुसऱ्या दिवशी घाला."

पंढरीने आठ दिवस बोलून बघितलं. काळूरामला मध्ये घातलं. भाविका स्वतः आली, मोठ्या आयचे पाय धरले, मला धवले नकोत म्हणाली. चंद्राने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, तुला नको असतील, मला हवेत. शेवटी नवराबायकोत असं ठरलं, की ऑपरेशन लग्नानंतर, पण तोवर गोळी नाही. अंगावरून गेलं तर त्या दिवशी ती गाणार नाही. चंद्राने ते कबूल केलं. लोहाची सलाइनं तिने घेतली, तोंडावर थोडा रंगही आला.

माघात कोनला लग्न होतं. चांगल्या ओळखीचं घर. सकाळी निघताना तिचं अंग कोरडं होतं, म्हणून पंढरीनेही तिला जाऊ दिलं. मांडव बांधून झाला, परातीत हळद भिजवलेली, पाटावर नवरा मुलगा बसलेला. चंद्राने धवला उचलला. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला ती थांबली. धवलारीण मध्येच कधी थांबत नाही, म्हणून सगळ्यांनी वर पाहिलं. ती उभी होती तिथे जमिनीवर, तिच्या पावलांच्या मध्ये, रक्त सांडलं होतं.

नवऱ्या मुलाच्या आत्याने वाकून हळदीची परात उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. दुसऱ्या एका बाईने नवऱ्या मुलाला दंड धरून पाटावरून उठवलं. तिसरी शेण आणायला गेली, जमीन सारवायला. चंद्राला कोणी हात लावला नाही. भरल्या मांडवात ती दोन्ही हातांनी साडीचा घोळ धरून उभी राहिली. पंढरी बाहेरच्या माणसांतून आत शिरला, खांद्यावरचा टॉवेल तिच्या कमरेला गुंडाळला आणि तिला रिक्षापर्यंत चालवत नेली. मागे कोणीतरी म्हातारी म्हणाली, ऐन हळदीला विटाळ झाला, पोराचं पुढे कसं होणार?

त्यानंतर चंद्रा अंथरुणाला लागली. रक्त थांबेना. पण ती त्या रक्ताला रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भाविकाच्या सासरहून निरोप आला तोही कानावर गेला. त्यांनी फार सभ्यपणे कळवलं होतं, की धवलारणीबाईंची तब्येत बरी नसेल तर आम्ही दुसरीकडून कोणी मिळतं का बघतो. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी ती पंढरीला म्हणाली, "मी मेले तर तुमी रडाल. पन त्या मांडवात मना कोनी शिवलं न्हाय, ते मी मेल्यावर बी इसरनार न्हाय."

पंढरीने टेमघरला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. बाई काय म्हणणार हे त्याला पाठ होतं. ताबडतोब दाखल करा म्हणाल्या असत्या, तेच खरं होतं, तेच त्याने करायला हवं होतं. पण भिंतीकडे वळलेली ती पाठ त्याला बघवेना. तो उठला, नाक्यावर गेला. तुळशीरामने त्याला ओळखलं. वहिनी का नाही आल्या, म्हणून विचारलं आणि खण उघडला. पंढरीने गोळ्या घेतल्या, घरी येऊन पाण्याच्या फुलपात्राबरोबर बायकोच्या हातात ठेवल्या. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. गोळी घेतली.

दोन-तीन दिवसांत रक्त थांबलं.

होळी झाली, पाडवा झाला. चंद्रा उठून बसली, स्वयंपाक करू लागली, गच्चीवर हंडा भरून ठेवू लागली. ओठांना लाली आली. घरात पुन्हा धवल्यांचा आवाज घुमू लागला. पंढरी पंधरा दिवसांनी नाक्यावर जाऊन गोळ्या आणत राहिला. तपासायला बोलावलेल्या तारखा त्याने चुकवल्या. दवाखान्यातून फोन आला तर लग्नाची धावपळ आहे म्हणायचा. बायको बरी दिसते आहे, इतकं त्याला डोळ्यांनी दिसत होतं, आणि डोळ्यांवर त्याचा फार विश्वास. चैत्राच्या शेवटी तिची डावी पोटरी भरून आल्यासारखी झाली. चालताना ती पाय ओढायची. काळूरामची बायको म्हणाली, उभ्याने कामं करून होतं असं, मिठाच्या पाण्यात पाय ठेव. तिने ठेवला. पंढरीने त्या पायाकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याच्या मनात येऊन गेलं. चंद्रा म्हणाली, एवढे चार दिवस जाऊं द्या.

अक्षय्य तृतीयेला, बुधवारी, भाविकाचं लग्न लागलं. चंद्रा मेढीपासून अखेरपर्यंत सगळे धवले गायली. मध्ये मध्ये तिला दम लागत होता. मग ती आपल्या तांब्यातलं पाणी घोटभर घ्यायची आणि पुढचं कडवं उचलायची. कोनची तीच नणंद पुढे बसून ऐकत होती. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांनी उठून चंद्राची ओटी भरली, तिला हाताला धरून हळदीच्या पाटाजवळ नेलं. पाठवणीच्या वेळी भाविका तिच्या गळ्यात पडून रडली. चंद्रा रडली नाही. तिच्यात तेवढा श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती निजून होती. पंढरी म्हणाला, चल आता टेमघरला, ठरलं होतं आपलं. ती म्हणाली, पोर शनिवारी माहेरी येणार आहे, पहिल्यांदा जोडीने येईल. तिला उंबऱ्यावर ओवाळते आणि तशीच निघते, कपड्यांची पिशवी भरून ठेवा. पंढरीने पिशवी भरून ठेवली. त्यात दोन साड्या, टॉवेल, सोनोग्राफीचे कागद. शुक्रवारी तिचा पाय मांडीपर्यंत सुजला. तिला आडवं होता येत नव्हतं, उशीला टेकून बसून राहिली. पंढरीने फोन केला. बाई म्हणाल्या, एक मिनिटही थांबू नका, आत्ताच्या आत्ता थेट ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, मी तिथे कळवते. पंढरीने तिला सांगितलं. चंद्राने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "उद्या. आता इतकं आयकलंत, अजून एक दिवस आयका."

त्याने ऐकलं.

शनिवारी जेवणवेळेला भाविका आणि जावई रिक्षातून उतरले. काळूरामची बायको ताट घेऊन पुढे झाली. चंद्रा म्हणाली, थांब, मी येते. कोणाचा हात न घेता ती उठली, पाण्याचा तांब्या घेतला, दोन पावलं चालली आणि उंबऱ्याच्या आत खाली बसली. बसली तशीच कलंडली. पंढरीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने तोंड उघडून दोनदा श्वास ओढला, तो आत गेला नाही. ठाण्याला न्यायची रिक्षा दारातच उभी होती, ती तशीच जवळच्या टेमघरला नेली. विद्युल्लताबाईंनी तिथेच नाडी बघितली आणि हात सोडला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं त्या म्हणाल्या. पंढरीने त्यांना विचारलं, पिंपाने का गोळ्यांनी? मग तो म्हणाला, गोळ्या मी आणून दिल्या. बाईंनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं, असं त्याला वाटलं.

धवलारीण चंद्रा पंढरी केणे, राहणार दापोडे, ही शनिवार, ३ मे २०२५ रोजी दुपारी वारली. वय सेहेचाळीस.